दोन हजार सालाची डिस्क

सुवर्णा आणि मंजुषा यांची ओळख शहाण्णव साली शरणपूर रोडवरच्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये झाली. दोघी तिथे शिकायला आल्या आणि शिकवायला राहिल्या. मंजुषा देवळाली कॅम्पची. वडील लष्करात कारकून, त्यामुळे तिने चार राज्यांतल्या शाळा पाहिलेल्या. हिंदी-इंग्रजी फाडफाड आणि अनोळखी माणसाशी बोलताना जराही न बिचकणारी. सुवर्णा मखमलाबादच्या माळ्यांची. घरची दीड एकर शेवंती, आणि आई गोजराबाई रोज सकाळी फुलबाजारात पाट्या लावून बसायची. चार लोकांसमोर उभं राहायचं म्हटलं की सुवर्णाचा घसा कोरडा पडे. पण एकदा सी प्लस प्लस शिकवायला लागली की तिला भान राहत नसे.

"ऑब्जेक्ट जन्माला येतो तेव्हा त्याच्याजवळ काय काय हवं, ते कन्स्ट्रक्टरमध्ये लिहा," ती सांगायची. "अर्धवट तयार झालेला ऑब्जेक्ट कुणाच्या हाती देऊ नका. आणि तो जायला निघाला की त्याने उघडलेलं मिटायचं, चालू केलेलं बंद करायचं. ते डिस्ट्रक्टरचं काम."

मागच्या बाकावरून एकाने विचारलं, "मॅडम, प्रोग्रॅम संपतोच आहे तर आवरायचं कशाला?"

"बाजार उठल्यावर माझी आई जागा झाडून, देठं-पानं उचलून मगच निघते," सुवर्णा म्हणाली. "नाही उचलली तर दुसऱ्या दिवशी त्यावरून तीच घसरते."

वर्ग हसला. दाराशी उभी असलेली मंजुषाही हसली. त्या संध्याकाळी बस स्टॉपवर ती म्हणाली, "तू शिकवतेस ना, ते मला पहिल्यांदाच कळलं. आपण दोघी मिळून काहीतरी करू या गं. बोलायचं काम माझं, डोकं तुझं."

अठ्ठ्याण्णवला क्लास बंद पडला आणि दोघींनी खरोखरच पंचवटीत एका स्टेशनरीच्या दुकानावरची खोली घेतली. दोन टेबलं, दोन कॉम्प्युटर, एक पंखा. त्याच सुमारास सुवर्णाला पुण्याहून नोकरीचं पत्र आलं होतं. तिने ते मंजुषाला दाखवलं, तशी मंजुषाच्या डोळ्यांत पाणीच आलं. सुवर्णाने पुण्याला नकार कळवला. पुढे कधी त्याचा उल्लेखही केला नाही.

त्यांचं पहिलं मोठं काम सुवर्णाच्या ओळखीतून आलं. रावजी तात्या हे तिच्या वडिलांचे मित्र. वडील गेल्यावर तेराव्याच्या दिवशी तात्यांनी गोजराबाईंना सांगितलं होतं, "वहिनी, पोरीचं शिक्षण थांबवायचं नाही." आणि ते थांबणार नाही हे त्यांनी पाहिलं होतं. आता तात्यांनी दिंडोरी रोडला वीस गुंठ्यांचं पॉलिहाऊस उभारलं होतं, लांब दांड्यांच्या गुलाबांचं. त्या झाडांना पाणी नुसतं देऊन चालत नाही. त्यात खत मिसळायचं, आणि पाण्यातला क्षारपणा मारायला थोडंसं ॲसिड सोडायचं. ॲसिड कमी पडलं तर खत लागू होत नाही, जास्त झालं तर मुळं जळतात. परदेशी यंत्र घेण्यापेक्षा तात्यांनी सुवर्णाला बोलावलं.

"तुला जमेल का?"

"जमेल," सुवर्णा म्हणाली. तात्यांसमोर तिचा घसा कोरडा पडत नसे.

चार महिने ती त्या प्रोग्रॅमच्या मागे होती. कॉम्प्युटरमध्ये एक कार्ड बसवलं होतं. त्या कार्डावर आठ रिले, म्हणजे विजेवर चालणारी आठ बटणं. एकाला ॲसिडचा पंप जोडलेला, दुसऱ्याला खताचा, बाकीच्यांना पाण्याचे व्हॉल्व्ह. कार्डाची एक खोड होती. एखादं बटण चालू केलं की दुसरा हुकूम येईपर्यंत ते चालूच राही, मग हुकूम देणारा प्रोग्रॅम जिवंत असो वा नसो. म्हणून सुवर्णाने पंपांचा जो ऑब्जेक्ट, म्हणजे पंप सांभाळणारा प्रोग्रॅमचा तुकडा, लिहिला, त्याच्या कन्स्ट्रक्टरमध्ये आधी आठही बटणं बंद, मग टाकीतल्या पाण्याची तपासणी, आणि सगळं ठीक असेल तरच काम सुरू. डिस्ट्रक्टरमध्ये आधी ॲसिडचा पंप बंद, मग नळीतून चाळीस सेकंद साधं पाणी, मग एकेक करून सगळे व्हॉल्व्ह बंद. तेवढा वेळ पडद्यावर 'थांबा' अशी पाटी दिसे.

तिथे कामाला पुंजा होता, पेठकडचा, पन्नाशीचा. भातशेती संपली की पूर्वी द्राक्षाच्या कामाला खाली उतरायचा. तात्यांकडे आल्यापासून बारमाही राहिला होता. त्याला वाचता येत नव्हतं, पण 'थांबा'चा आकार त्याने ओळखून ठेवला. सकाळचं खतपाणी झालं की तो प्रोग्रॅम बंद करी आणि पाटी जाईपर्यंत हात बांधून उभा राही. कॉम्प्युटर मात्र दिवसभर चालूच असे, कारण फुलांच्या पेट्यांच्या याद्या त्यावरच छापल्या जात. दुपारी चारला झाडांना नुसतं पाणी द्यायचं, ते पुंजा भिंतीवरच्या साध्या बटणाने देई. वर्षभर हे बिनबोभाट चाललं.

नव्व्याण्णवच्या डिसेंबरात सुवर्णा आतेबहिणीच्या साखरपुड्याला सटाण्याला गेली. परत आली तेव्हा मंजुषा खुशीत होती. अकरा पॉलिहाऊसं असलेली एक मंडळी तात्यांच्या शेडवर येऊन प्रोग्रॅम बघून गेली होती.

"आवडला त्यांना?"

"आवडला म्हणजे? जानेवारीअखेर पक्कं करू म्हणालेत. तू फक्त बघत राहा."

जानेवारीच्या अठरा तारखेला, मंगळवारी, ऑफिसात फोन आला. तो मंजुषाने घेतला. "हो तात्या... हो... मी येते लगेच," एवढंच सुवर्णाने ऐकलं. सुवर्णा चपला घालायला उठली, तर मंजुषाने तिला हाताने थांबवलं.

"तू नको येऊस. आधी मला बघून येऊ दे."

ती संध्याकाळी परतली आणि खुर्चीत बसली. मग म्हणाली, "ॲसिड जास्त गेलं गं. काल सकाळी प्रोग्रॅम मिटला तरी पंप बंदच झाला नाही, दुपारपर्यंत सगळा ड्रम टाकीत रिकामा झाला. चारला पुंजाने तेच पाणी झाडांना सोडलं. निम्म्याच्या वर झाडं गेल्यात जमा आहेत. फेब्रुवारीची सगळी फुलं होती त्यावर."

सुवर्णा उठून उभी राहिली. "पण पंप बंद कसा होणार नाही? प्रोग्रॅम बंद करताना पहिली गोष्ट तीच होते."

"तुझ्या कोडात कुठेतरी राहिलं असेल," मंजुषा हळू आवाजात म्हणाली. "होतं गं असं. मी समजावते त्यांना. पण तू सध्या तिकडे जाऊ नकोस. तात्या फार चिडलेत. 'तिचं तोंड बघायची इच्छा नाही' म्हणाले."

सुवर्णा गेली नाही. ज्या माणसाने आपल्याला शिकवलं, त्याची झाडं आपल्या हाताने जळाली, त्याच्यासमोर कुठल्या तोंडाने जायचं? तिने दुसऱ्या दिवसापासून कोड वाचायला घेतला. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. मग कागदावर छापून. मग उलट्या क्रमाने. मधेच काही बिघडलं तर डिस्ट्रक्टरपर्यंत जायला वाट राहते का, हे तिने प्रत्येक ठिकाणी तपासलं. टेबलावर आठ दिवे जोडून खोटं कार्ड तयार केलं आणि शंभरदा प्रोग्रॅम बंद केला. शंभरदा पहिला दिवा आधी विझला, चाळीस सेकंद गेले, मग बाकीचे विझले. चूक सापडेना. सापडत नाही म्हणजे चूक नाही, असं तिला एकदाही वाटलं नाही. आपल्याला दिसतही नाही, इतके आपण कच्चे आहोत असंच वाटत राहिलं. जेवण कमी झालं. वर्गात ज्या मुलांना तिने हे सगळं शिकवलं, त्यांचे चेहरे डोळ्यांसमोर येऊन तिला लाज वाटे.

समोरच्या टेबलावर मंजुषा बसलेली असायची. मधून मधून चहा सांगायची, कप हातात देऊन म्हणायची, "किती त्रास करून घेशील? सोड ना आता." असे तीन आठवडे गेले.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात गोजराबाई बाजारातून आल्या आणि पाटी खाली ठेवता ठेवताच म्हणाल्या, "काय गं, तू रावजी भावजींकडं जायला लाजती म्हणे?"

"कोण म्हणालं?"

"त्यांच्या घरची विमलाबाई भेटली ना बाजारात. म्हणत होती, आम्ही वाट बघून दमलो. तुमच्या पोरीला दोनदा निरोप दिला, तर ती मैत्रीण सांगती की सुवर्णाला यायला लाज वाटती, तिला काही विचारू नका. भावजींना लय लागलंय ते. झाडं गेली त्याचं येवढं नाय, पण पोर फिरकली नाय म्हणत होते."

सुवर्णा तशीच उभी राहिली. निरोप? तिला एकही निरोप मिळाला नव्हता. मग तिने सायकल काढली आणि थेट दिंडोरी रोड गाठला.

तात्या शेडच्या दाराशी खुर्ची टाकून बसले होते. तिला पाहून उठले नाहीत. "आलीस," एवढंच म्हणाले.

"तात्या, तुम्ही मला बोलावलं होतं?"

"दोनदा."

"आणि माझं तोंड बघायचं नाही, असं म्हणाला होतात?"

तात्यांनी तिच्याकडे नीट पाहिलं. "मी? पोरी, असं माझ्या तोंडून निघेल कधी?"

 "मला कॉम्प्युटर बघू द्या," ती म्हणाली.

आत जाताना तिने वाफे पाहिले. डावीकडच्या रांगा उपटून टाकल्या होत्या. उजवीकडे झाडं उभी होती, पण पानांच्या कडा काळ्या पडून आत वळलेल्या, आणि कळ्या मानेपासून वाकलेल्या. ती न थांबता पुढे गेली. पुंजा कॉम्प्युटरच्या खोलीत सुतळी वळत बसला होता. त्याच्या चेहऱ्यावर अपराध्याची कळा होती.

"माझ्या हातनं झालं ताई," तो आपणहून म्हणाला. "मीच बंद केलं त्या दिशी."

"कसं बंद केलं?"

"रोज करतो तसंच. बटण दाबलं, झालं बंद."

"पाटी गेल्यावर बाहेर आलात ना? 'थांबा'ची?"

पुंजा गोंधळला. "पाटी आता कुठं हाय ताई? दुसऱ्या बाई आल्या व्हत्या ना डिस्क घेऊन, ती मोठी लोकं यायच्या आदल्या दिशी. म्हणाल्या, दोन हजार साल लागतंय, कॉम्प्युटर तारखेला अडतील, त्याची डिस्क हाय. आता थांबायचं काम नाय, दाबलं की लगेच बंद."

सुवर्णाने खुर्ची ओढली. फाईल शोधली. तारीख होती अठरा डिसेंबर, शनिवार. त्या शनिवारी ती सटाण्यात आत्याच्या अंगणात पंगतीला वाढत होती. तिने फाईल उघडली. वर तिचंच नाव होतं, जसं तिने लिहिलं होतं तसं. खाली जिथे बंद करण्याच्या बटणाचं काम लिहिलं होतं, तिथे एक ओळ जास्तीची होती. एक्झिट, कंसात शून्य. एवढीच. ती ओळ प्रोग्रॅमला जागच्या जागी संपवते. फंक्शनच्या आत जन्मलेल्या ऑब्जेक्टना आवरायला वेळच मिळत नाही. डिस्ट्रक्टर खाली तसाच लिहिलेला होता, शब्द न् शब्द. पण तिथवर कुणी पोचतच नव्हतं. महिनाभर रोज सकाळी प्रोग्रॅम असाच तुटत होता. पंप मधून मधून चाले, आणि तो नेमका चालू असतानाच तुटण्याची वेळ सतरा जानेवारीला आली.

तीन आठवडे ती ज्या कोडात चूक शोधत होती, तो हा कोडच नव्हता.

"तात्या, इकडे या," तिने हाक मारली. ॲसिडच्या ड्रमातली नळी काढून तिने साध्या पाण्याच्या बादलीत घातली. प्रोग्रॅम चालू केला. पंप टकटक करायला लागला. मग तिने बंद करण्याचं बटण दाबलं. पडदा क्षणात मोकळा झाला. पंप टकटक करतच राहिला.

तिघंही ऐकत उभे राहिले. बादलीतलं पाणी खाली खाली जात होतं.

मग तिने ती ओळ काढली, प्रोग्रॅम पुन्हा तयार केला, पुन्हा चालू केला आणि पुन्हा बंद केला. 'थांबा'ची पाटी आली. पंप गप्प झाला. नळीतून पाणी खळखळलं, मग एकेक व्हॉल्व्ह खट्‌ करून मिटला.

"हे मी लिहिलं होतं," ती म्हणाली. "मधलं ते माझं नाही."

तात्यांनी डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "ती पोरगी इथं बसून माझ्यापुढं बोलली, सुवर्णाचं चुकलं, तिला सांभाळून घ्या. मी म्हटलं, सांभाळीन की. माझीच पोर हाय." मग ते पुंजाकडे वळले. "आणि तुला मी नाही नाही ते बोललो."

पुंजा सुतळी वळायला खाली बसला.

सुवर्णा ऑफिसला पोचली तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. मंजुषा फोनवर हसून बोलत होती. सुवर्णाचा चेहरा पाहून तिने फोन ठेवला.

"एक्झिट तू टाकलंस," सुवर्णा म्हणाली.

मंजुषाने नाकारलं नाही. निदान तेवढं तरी तिने केलं नाही. "चाळीस सेकंद, सुवर्णा," ती म्हणाली. "मोठी माणसं येणार होती. बंद करायचं म्हटलं की पडदा चाळीस सेकंद अडकल्यासारखा दिसतो. त्यांना वाटलं असतं, हँगच झाला. तुला विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."

"हो, म्हणाले असते."

"नंतर काढून टाकणार होते गं. राहून गेलं."

"आणि अठरा तारखेला तिथे गेलीस, तेव्हा तुला कळलं."

मंजुषा खिडकीकडे बघायला लागली. "कळलं. तोवर अकरा पॉलिहाऊसचं ठरत आलं होतं. मीच जाऊन दाखवलं होतं त्यांना. माझी चूक निघाली असती तर सगळंच गेलं असतं, तुझंही. म्हणून म्हटलं... तू त्यांच्या घरची आहेस. तुला ते माफ करतील. मला कुणी केलं नसतं."

हे ऐकताना सुवर्णाला नवल वाटलं ते याचं, की यात खोटं काही नव्हतं. तात्यांनी तिला माफ केलंच असतं. मंजुषाने हिशेब बरोबर मांडला होता, आणि त्यात खर्ची टाकलं होतं ते सुवर्णाला.

"ते एक वेळ ठीक," ती म्हणाली. आवाज कापत होता, पण घसा कोरडा पडला नाही. "पण तीन आठवडे मी इथे बसून शोधत होते. तुझ्या समोर. तू मला चहा दिलास, मंजू."

मंजुषाने टेबलावरचा कप बाजूला सरकवला.

"एकदा म्हणायचंस. नुसतं म्हणायचंस, की सुवर्णा, शोधू नकोस."

पंखा फिरत होता. खाली दुकानात कुणीतरी वह्यांचा गठ्ठा आपटला. मंजुषा रडायला लागली, आणि सुवर्णाला वाटलं होतं तसं काहीच झालं नाही. तिला जवळ जावंसं वाटलं नाही, दोन शब्द सुनवावेसेही वाटले नाहीत. ती स्वतःच्या टेबलावर न बसता मंजुषाच्या कॉम्प्युटरपाशी गेली.

"उठ."

"काय करतेस?"

"हा प्रोग्रॅम अकरा ठिकाणी जाणार आहे ना? तिथेही झाडंच आहेत."

तिने मंजुषाच्या प्रतीतली ती ओळ काढली. कपाटातल्या सगळ्या डिस्क एकेक करून तपासल्या, आणखी दोन डिस्कांत ती सापडली, तिथूनही पुसली. 'थांबा'च्या पाटीखाली एक ओळ वाढवली: नळी धुतली जात आहे, पंप बंद झाला आहे. म्हणजे बघणाऱ्याला अडकल्यासारखं वाटणार नाही. तेवढ्यानेच भागलं असतं. अर्ध्या तासाचं काम होतं. हे मंजुषालाही दिसलं असावं, कारण ती रडायची थांबून पडद्याकडे बघत राहिली. मग सुवर्णाने फाईलच्या वरचं आपलं नाव काढलं, आपल्या वह्या उचलल्या आणि किल्ली टेबलावर ठेवून जिना उतरली.

मंजुषाला ते अकरा पॉलिहाऊसचं काम मिळालं. तिने आणखी दोघंजण ठेवले, खोली सोडून कॉलेज रोडला मोठी जागा घेतली. तिचं कधी वाईट झालं असं सुवर्णाच्या कानावर आलं नाही. दोन हजार तीन साली तिच्या लग्नाची पत्रिका आली, पाकिटावर ओळखीच्या अक्षरात 'सुवर्णा आणि आईंना'. गोजराबाई म्हणाल्या, "जाऊन ये. किती वर्षं धरून ठेवशील?" सुवर्णा त्या दिवशी सातपूरला कामावर गेली. ती तिथल्या एका यंत्रांच्या कारखान्यात नोकरीला लागली होती. हाताखाली चार मुलं होती, आणि ती मुलं तिला घाबरत. त्यांचं काम ती ओळ न् ओळ तपासायची, फाईलच्या तारखा पाहायची, आणि कुणी "मॅडम, मी काही बदललं नाही" म्हटलं तरी पाहायची. आपण पूर्वी अशा नव्हतो, हे तिला माहीत होतं.

तात्यांनी झाडं जळाली त्याच वर्षी पावसाळ्यानंतर डावीकडच्या रांगा नव्याने लावल्या होत्या आणि दुसऱ्या शेडचं काम एकट्या सुवर्णाला दिलं होतं. या वेळी प्रोग्रॅमला हात घालण्याआधी तिने एक छोटा डबा बनवून घेतला. प्रोग्रॅमने दर दोन सेकंदांनी त्या डब्याला 'मी आहे' असा इशारा द्यायचा. इशारा थांबला की डबा आपणहून सगळ्या पंपांची वीज तोडणार. मग प्रोग्रॅम नीट संपो, मधेच तुटो, की कुणी मुद्दाम तोडो. तात्यांना ती तो डबा समजावून सांगत होती.

"असला पहिल्या शेडला का नाही बसवला तू?" तात्यांनी विचारलं.

हा प्रश्न सुवर्णाने स्वतःला पुष्कळदा विचारला होता. प्रोग्रॅम नुसता अडकला असता, तरी ते कार्ड पंप चालूच ठेवणार होतं. तेवढी चूक तिचीच होती, आणि ती मंजुषाच्या खात्यावर ढकलायची तिची तयारी नव्हती.

"तेव्हा वाटलं होतं, बंद करणारा नीटच बंद करेल," ती म्हणाली.

तात्यांनी मान डोलावली आणि पुंजाला हाक मारली, डबा भिंतीवर कुठे ठोकायचा ते बघायला. पुंजाने खिळे खिशात टाकले, डबा हातात तोलून पाहिला आणि विचारलं, "ताई, याला पाटी हाय का वाचायची?"

"नाही," सुवर्णा म्हणाली. "याला नुसता दिवा आहे."